मेनफ्रेमवरचा लिनक्स अडतो तेव्हा: बिघाड दिसतो एकीकडे, असतो भलतीकडेच

महिन्याच्या पहिल्या तारखेला पगाराचा मेसेज आला नाही, की फोंड्याच्या बाजारात काय आणि पणजीच्या ऑफिसात काय, एकच वाक्य ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ हा सर्व्हर असतो कुठे आणि तो डाऊन झाला की त्याला वर आणणारी माणसं नेमकं करतात काय, हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. जगातल्या पुष्कळ मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्या यांचा कारभार मेनफ्रेम नावाच्या यंत्रावर चालतो, आणि अशा बऱ्याच यंत्रांवर आज लिनक्सही असतो, म्हणजे यंत्राचा कारभार सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम (ऑपरेटिंग सिस्टिम). तो सांभाळणारी काही मुलं-मुली आपल्या गोव्यातच आहेत. इथेच इंजिनिअरिंग केलं, पुण्या-बंगळुरूला नोकरी लागली, करोनानंतर घरून काम करायची सोय झाली आणि आता साखळीला किंवा म्हापशाला घरी बसून रात्रपाळी करतात. घरच्यांचा प्रश्न ठरलेला: ‘गो, यंत्र तिकडे सातासमुद्रापार, तू इथे माडीवर, मग तू दुरुस्त करतेस ते काय?’

प्रश्न रास्त आहे. मी याच कामात आहे, आणि त्याचं उत्तर सरळ शब्दांत देता येतं असं मला वाटतं. या कामातली अर्धी मेहनत बिघाड दुरुस्त करण्यात जात नाही, तो कुठे आहे हे शोधण्यात जाते. मेनफ्रेमवर हा शोध अवघड असतो, कारण लिनक्सला स्वतःच्या हद्दीपलीकडचं काही दिसत नाही. तो सांगतो ते खरं असतं, पण त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो.

मेनफ्रेम अजून आहे?

आहे, आणि नवीनही निघतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोवर नवा संगणक घेतला की जुने प्रोग्रॅम बहुतेक पुन्हा लिहून काढावे लागत. या मालिकेत लहान संगणक घ्या की मोठा, प्रोग्रॅम तोच चालेल अशी हमी होती. त्या घराण्यातला ताजा मेनफ्रेम, झेड-१७, एप्रिल २०२५मध्ये जाहीर झाला. सिनेमात दिसतं तसं खोलीभर पसरलेलं, फिरत्या टेपांचं यंत्र आता राहिलेलं नाही. आजचा मेनफ्रेम म्हणजे डेटा सेंटरमध्ये शेजारी शेजारी उभी केलेली एक ते चार उंच कपाटं.

त्याचं वेगळेपण वेगात कमी आणि रचनेत जास्त आहे. महत्त्वाचा भाग एकटा नसतो, राखीव जोडीदार आत बसवलेलाच असतो. बरेचसे भाग यंत्र बंद न करता बदलता येतात. डिस्क आणि नेटवर्ककडे माहिती नेण्या-आणण्याचं काम मुख्य प्रोसेसरवर टाकलेलं नसतं, त्यासाठी ‘चॅनेल’ नावाची स्वतंत्र यंत्रणा असते. आणि एकाच यंत्राचे अनेक स्वतंत्र भाग पाडता येतात.

लिनक्स तिथे पोचला कसा?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही हौशी प्रोग्रॅमरांनी बिगफूट नावाच्या प्रकल्पात लिनक्स मेनफ्रेमवर चालवण्याची खटपट सुरू केली होती. त्याच सुमारास जर्मनीतल्या बोब्लिंगेन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेतही हे काम चाललं होतं, आणि डिसेंबर १९९९मध्ये कंपनीने आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला. २०००मध्ये सुझे या कंपनीने मेनफ्रेमसाठी लिनक्स विकायला काढलं. त्याच वर्षी आयबीएमने फक्त लिनक्ससाठीचा, तुलनेने स्वस्त प्रोसेसर आणला. त्याला आयएफएल म्हणतात. पुढे रेड हॅट आणि उबुंटू ही लिनक्सची आणखी वितरणं (तयार संच) आली, आणि २०१५मध्ये तर ‘लिनक्सवन’ नावाने निव्वळ लिनक्स चालवणारा मेनफ्रेमच बाजारात आला.

सुरुवातीच्या काळातला एक प्रयोग मला फार आवडतो. डेव्हिड बॉइस या अभियंत्याने एकाच मेनफ्रेमवर किती लिनक्स उभे राहतात ते करून पाहिलं. आकडा ४१,४०० वर गेला. रोजच्या कामासाठी एवढ्यांची गरज कुणालाच नव्हती, पण एका यंत्रात किती संसार मावू शकतात हे जगाला कळलं. आणि एवढे संसार एका छपराखाली आले की तंटे कोणते होतात, तेही कळायला लागलं.

थोरलं घर, वाटे आणि विहीर

इथे एक चित्र डोळ्यांसमोर आणा. राजांगण असलेलं जुनं, थोरलं घर. भावाभावांत वाटे झालेले, मधे भिंती घातलेल्या. एकेका वाट्यात चार-पाच बिऱ्हाडं. विहीर मात्र सगळ्यांची एकच, आणि पाणी टाकीत चढवून पाळीपाळीने सोडणारा एक कारभारी. बिऱ्हाडातल्या बाईला काय दिसतं? तिचा नळ. पाणी आलं नाही तर तिच्या नळाची चकती खराब झाली असेल, शेजारणीने आपली सगळी पिंपं त्याच वेळी भरायला घेतली असतील, कारभाऱ्याने पाळी बदलली असेल किंवा विहिरीनेच तळ गाठला असेल. नळाकडे कितीही निरखून पाहिलं तरी यातलं काय खरं ते कळणार नाही.

घर म्हणजे मेनफ्रेम. भिंती घालून पाडलेल्या वाट्याला ‘एलपार’ म्हणतात. आजच्या मोठ्या यंत्रात असे ८५पर्यंत वाटे पडतात. एका वाट्याचा कारभारी म्हणजे झेड-व्हीएम नावाचा प्रोग्रॅम. एका खऱ्या यंत्राची अनेक खोटी यंत्रं भासवायची आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क त्यांच्यात वाटून द्यायची, हे त्याचं काम. त्याचे पूर्वज साठच्या दशकातले, म्हणजे आज जे सर्रास ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून ओळखलं जातं ते मेनफ्रेमवाल्यांना पन्नासहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. आणि प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक लिनक्स. आमच्या बोलण्यात त्याला ‘गेस्ट’ म्हणतात. पुढेही तोच शब्द वापरतो.

लिनक्स तो लिनक्सच, मग वेगळं काय शोधायचं?

या आक्षेपात बरंचसं तथ्य आहे, म्हणून आधी त्याचंच घेऊ. डिस्क भरली, पासवर्डची मुदत संपली, सर्टिफिकेट नव्या वर्षाच्या रात्री बाद झालं, कुणीतरी कॉन्फिगरेशनच्या फायलीत एक ओळ चुकवली: असे बिघाड लॅपटॉपवरच्या लिनक्सवर होतात तसेच मेनफ्रेमवरही होतात आणि तसेच सुटतात. लॉग (यंत्राने स्वतः लिहिलेल्या नोंदी) वाचा, डिस्कमध्ये जागा किती ते बघा, काल रात्री काय बदललं ते विचारा. मेनफ्रेम म्हणून घाबरून साधी गोष्ट तपासायची राहिली, असं नव्या माणसांच्या बाबतीत वारंवार होतं.

एक फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो. मेनफ्रेमच्या प्रोसेसरची भाषा वेगळी आहे; लिनक्सच्या जगात तिला ‘एस-३९०-एक्स’ म्हणतात. आपल्या लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोग्रॅम तिथे नुसता नेऊन ठेवला तर चालत नाही, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सामानासकट बांधलेले प्रोग्रॅम, वापरणाऱ्या टीमला हा अडथळा हमखास लागतो: तो गठ्ठा (इमेज) उतरतो, प्रोग्रॅम सुरू मात्र होत नाही. शिवाय आकड्यांचे बाइट मेमरीत मांडायचा क्रम उलटा आहे. मोठ्या किमतीचा बाइट इथे आधी येतो, लॅपटॉपवर शेवटी. प्रोग्रॅम लिहिताना कुणी हा क्रम गृहीत धरला असेल, तर मेनफ्रेमवर प्रोग्रॅम बंद पडत नाही, चुकीचा आकडा देतो. माझ्या मते हा सगळ्यांत वाईट प्रकार, कारण तो ओरडत नाही.

‘सीपीयू तर मोकळाच दिसतोय’

आता खरा मेनफ्रेमी बिघाड. महिनाअखेरीची रात्र आहे असं समजा. वापरणारे तक्रार करतात की व्यवहार रेंगाळतोय. नवी मुलगी गेस्टवर जाते, प्रोसेसरचा हिशेब उघडते आणि चॅटवर लिहिते: ‘सर, प्रोग्रॅमला ३० टक्के, सिस्टिमला ८ टक्केच लागतायत. सीपीयू मोकळाच आहे.’

त्याच ओळीच्या शेवटी आणखी एक आकडा असतो. ‘एसटी’ म्हणजे स्टील टाइम, चोरीला गेलेला वेळ. समजा तो ५० आहे. याचा अर्थ असा की गेस्टला काम करायचं होतं, तो तयार होता, पण त्या वेळात निम्मा काळ त्याला खरा प्रोसेसर मिळालाच नाही. कारभाऱ्याने तो दुसऱ्याला दिला होता. बादली घेऊन नळाखाली ताटकळण्याचा हा वेळ. लॅपटॉपवर हा आकडा शून्य असतो, म्हणून तिकडे बघायची सवयच कुणाला नसते.

स्टील वाढलेला दिसला, की गेस्टच्या आत बसून काही उपयोग नाही. झेड-व्हीएमच्या बाजूने बघायला हवं: प्रोसेसर कोण खातंय, कुणाचा हिस्सा किती. प्रत्येक गेस्टला एक ‘शेअर’ दिलेला असतो. वेगळं काही ठरवलं नसेल तर तो सापेक्ष १०० असतो, म्हणजे ओढाताण झाली की सगळे सारखे. महत्त्वाच्या डेटाबेसला आणि चाचणीसाठी उभ्या केलेल्या गेस्टला एकच हिस्सा मिळत असेल, तर महिनाअखेरीला चाचणीवाला डेटाबेसच्या तोंडचं पाणी पळवणारच.

या ठिकाणी एक उपाय सगळ्यांनाच सुचतो आणि तो बहुतेक वेळा उलटतो. गेस्ट हळू चालतोय ना, मग त्याला आणखी दोन आभासी प्रोसेसर द्या! पण शेअर हा अख्ख्या गेस्टचा असतो, आणि तो त्याच्या आभासी प्रोसेसरांत विभागला जातो. दोनाचे चार केले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं येतं. एका वेळी एकच प्रोसेसर वापरणारा प्रोग्रॅम असेल, तर तो पहिल्यापेक्षाही हळू होतो. आधी शेअर बघावा, मग प्रोसेसर मोजावेत.

मेमरीचंही असंच. लिनक्सला जितकी मेमरी द्याल तितकी तो वापरतो. उरलेली जागा तो फायलींच्या प्रती ठेवायला घेतो. एकट्या संगणकावर ही चांगली सवय आहे. सामायिक घरात मात्र प्रत्येक गेस्टने अशी साठवण केली, की झेड-व्हीएमला खरी मेमरी पुरत नाही आणि तो गेस्टच्या मेमरीची पानं परस्पर डिस्कवर हलवायला लागतो. गेस्टला याचा पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने मेमरी भरपूर आहे, स्वॅप (त्याने स्वतः डिस्कवर हलवलेली मेमरी) शून्य आहे, सगळं आलबेल आहे; फक्त प्रत्येक गोष्टीला वेळ लागतोय. म्हणूनच जुने जाणते सांगतात की मेनफ्रेमवर गेस्टला मेमरी बेताची द्यावी. लॅपटॉपवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जड जातं, पण हिशेब करून पाहिला की पटतं.

रिकामा गेस्टही फुकट नसतो. सुरुवातीच्या लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, काम असो-नसो सेकंदाला १०० वेळा जागा होऊन घड्याळ बघायचा. एका संगणकावर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ३०० गेस्ट असले तर सेकंदाला ३०,००० वेळा कुणीतरी उठतंय आणि काहीही न करता परत झोपतंय. मेनफ्रेमच्या लिनक्ससाठी ही टिकटिक गरजेपुरती करणारा बदल त्यामुळेच लवकर आला. आज ती जागा दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ सांगणाऱ्या प्रोग्रॅमांनी आणि देखरेखीच्या एजंटांनी घेतली आहे. एकेका गेस्टवर ते बिनउपद्रवी दिसतात. सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडला की डोळे उघडतात.

रीबूट केला आणि डिस्क गायब

ही तक्रार इतकी येते, की तिला जरा जास्त जागा देतो.

मेनफ्रेमच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कला डॅसडी म्हणतात. प्रत्येक उपकरणाला चार अंकी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ०२००. लॅपटॉपवर पेनड्राइव्ह खोचला की तो आपोआप दिसतो. इथे तसं नाही. आधी झेड-व्हीएमने ती डिस्क त्या गेस्टला दिलेली हवी. मग लिनक्सने तो क्रमांक दुर्लक्षाच्या यादीत टाकलेला नसावा. हो, अशी यादी खरोखर असते, कारण एकेका यंत्राला हजारो उपकरणं जोडलेली असतात आणि सगळी बघत बसलं तर बूट व्हायलाच वेळ लागतो. त्यानंतर ती डिस्क लिनक्समध्ये ‘ऑनलाइन’ करावी लागते. आणि हे ऑनलाइन करणं दोन प्रकारचं: आत्तापुरतं आणि कायमचं. रात्री घाईत कुणीतरी आत्तापुरती आज्ञा दिली, काम झालं, सगळे झोपायला गेले. चार महिन्यांनी सुरक्षेचे अपडेट टाकून रीबूट केला, तर डिस्क नाही. शोधणारा अर्थातच अपडेटवर संशय घेतो.

याहून गंभीर प्रकार मूळ फाइल सिस्टिमच्या, म्हणजे लिनक्स स्वतः जिथे राहतो त्या साठ्याच्या, बाबतीत होतो. जागा कमी पडली म्हणून नवी डॅसडी आणून मूळ व्हॉल्यूम ग्रुपला (अनेक डिस्क मिळून केलेल्या एका साठ्याला) जोडली. चालू यंत्रात लगेच जागा दिसली. पण बूट होताना लिनक्स आधी इनिट-रॅम नावाच्या लहानशा तात्पुरत्या सिस्टिममधून उठतो, आणि त्या लहान सिस्टिमला ही नवी डिस्क माहीत नाही. पुढच्या रीबूटला अर्धाच व्हॉल्यूम ग्रुप सापडतो आणि यंत्र आणीबाणीच्या शेलमध्ये (नुसत्या आज्ञा लिहायच्या पडद्यावर) जाऊन थांबतं. उपाय तीन पावलांचा आहे: डिस्क कायमची ऑनलाइन करणे, इनिट-रॅम नव्याने बनवणे, आणि त्यानंतर झिपल चालवणे.

झिपल म्हणजे मेनफ्रेमवर बूटची तयारी करणारा प्रोग्रॅम. तो कर्नल आणि इनिट-रॅम डिस्कवर नेमके कोणत्या ब्लॉकमध्ये आहेत याची नोंद लिहून ठेवतो. इनिट-रॅम नव्याने बनवली की ती दुसऱ्या ब्लॉकमध्ये जाऊ शकते, पण नोंद जुन्याच जागेची राहते. गंमत अशी की जुन्या जागेवर जुना मजकूर अजून शाबूत असेल, तर यंत्र मुकाट बूट होतं. पुढे कधीतरी त्या जागेवर दुसरी फाईल लिहिली जाते, आणि मगच बूट अडतं. कारण आणि परिणाम यांत महिन्यांचं अंतर पडतं. आता पुष्कळ वितरणं नवा कर्नल टाकताना झिपल आपणहून चालवतात, तरी इनिट-रॅम हाताने बनवली तर झिपलही हाताने चालवायची सवय लावून घ्यावी.

अडलेल्या गेस्टला वाचवायला झेड-व्हीएममध्ये एक सुरेख सोय आहे. त्याची डिस्क दुसऱ्या, धडधाकट गेस्टला जोडून द्यायची, तिथे माउंट करायची (वापरासाठी जोडून घ्यायची), चुकलेली फाईल सुधारायची, झिपल चालवायचा आणि डिस्क परत द्यायची. डेटा सेंटरला कुणी जायची गरज नाही. एकच पथ्य, पण ते प्राणपणाने पाळायचं: आजारी गेस्ट पूर्ण बंद असल्याशिवाय दुसरीकडे ती डिस्क लिहिण्यासाठी उघडायची नाही. दोघांनी एकाच वेळी लिहिलं, तर फाइल सिस्टिमची वाट लागते.

डिस्क दिसते पण हळू चालते, तर आणखी एक गोष्ट बघावी. पारंपरिक डॅसडीवर एका वेळी एकच मागणी जाते, बाकीच्या रांगेत. ही अडचण दूर करायला एकाच डिस्कला अनेक उपनावं देण्याची सोय आहे, तिला पीएव्ही म्हणतात. ती लावलेली नसेल, तर कितीही वेगवान स्टोरेज घेतलं तरी रांग तशीच राहते. फायबर चॅनेल या स्टोरेजच्या वेगळ्या नेटवर्कने जोडलेल्या डिस्कची तऱ्हा वेगळी. तिथे स्विच आणि स्टोरेज यांच्याकडची परवानगी चुकली, की लिनक्सला मार्ग दिसतो आणि डिस्क दिसत नाही. अशा वेळी स्टोरेजच्या टीमला उठवावंच लागतं, मग रात्रीचे तीन का वाजले असेनात.

काळ्या पडद्यावरचं उजवं खालचं टोक

नेटवर्कच गेलं तर गेस्टवर जायचं कसं? त्यासाठी कन्सोल असतो. तो १९७१ साली आलेल्या ३२७० टर्मिनलच्या धर्तीवर चालतो: काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि ओळ पूर्ण लिहून एंटर दाबल्याखेरीज काहीही पुढे जात नाही. नेहमीचा एडिटर त्यावर नीट चालत नाही.

या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक शब्द असतो, आणि नव्या माणसाने सगळ्यांत आधी तो वाचायला शिकावं. ‘रनिंग’ असेल तर ठीक. ‘मोर’ किंवा ‘होल्डिंग’ असेल तर पडदा भरलाय आणि तुम्ही तो साफ करायची वाट बघितली जातेय. काही प्रकारच्या कन्सोलवर तो तसाच राहिला तर मजकूर आत तुंबतो आणि गेस्टच थबकतो. बाहेरून वाटतं यंत्र गोठलं, प्रत्यक्षात ‘क्लिअर’ दाबायचा राहिलेला असतो. ‘सीपी रीड’ असेल तर गेस्ट थांबलेला आहे आणि झेड-व्हीएम तुमच्या आज्ञेची वाट बघतोय. तिथे ‘बिगिन’ लिहिलं की तो पुढे चालू लागतो.

काम संपलं की ‘डिस्कनेक्ट’ करायचं, ‘लॉगऑफ’ कधीच नाही. साध्या लिनक्सवर लॉगऑफ म्हणजे आपण बाहेर पडणं. झेड-व्हीएमच्या कन्सोलवर लॉगऑफ म्हणजे अख्खं आभासी यंत्र पुसून टाकणं, चालू डेटाबेससकट.

आपल्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून गोव्यातून काम करणाऱ्यांसाठी खास सांगतो. कनेक्शन तुटलं म्हणून चालू गेस्ट बंद पडत नाही, तो आपला चालू राहतो. पण तो ‘सीपी रीड’मध्ये थांबलेला असताना तुमचं कनेक्शन तुटलं, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये १५ मिनिटांनी झेड-व्हीएम त्याला सक्तीने बाहेर काढतो. त्यामुळे कन्सोलवर आज्ञा देण्याआधी इन्व्हर्टर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवणं हाही या कामाचाच भाग आहे.

रीस्टार्ट केला तर लगेच सुरू होईल ना?

वरिष्ठांचा हा प्रश्न, आणि त्यांचीही बाजू आहे. बाहेर ग्राहक खोळंबलेले असतात. बहुतेक वेळा रीस्टार्ट केल्यावर सुरू होतंही. पण कर्नल कोलमडतो तेव्हा तो प्रोसेसरला ‘डिसेबल्ड वेट’ नावाच्या अवस्थेत टाकतो. त्यातून त्याला कुठलाही इंटरप्ट (उपकरणाचा किंवा घड्याळाचा इशारा) उठवू शकत नाही. झेड-व्हीएमच्या कन्सोलवर तेव्हा ‘४५०-डब्ल्यू’ असलेला संदेश दिसतो. त्या क्षणी मेमरीत सगळं जसंच्या तसं पडलेलं असतं: कोणता प्रोग्रॅम काय करत होता, कुणाचं कुलूप कुणाकडे होतं. रीस्टार्ट केला की ते गेलं, आणि पुढच्या महिनाअखेरीला तोच बिघाड पुन्हा येणार.

म्हणून आधी डम्प, म्हणजे मेमरीची पूर्ण प्रत, मग रीस्टार्ट. झेड-व्हीएममध्ये एका आज्ञेने गेस्टचा डम्प घेता येतो. लिनक्स झेड-व्हीएमशिवाय थेट एलपारवर असेल तर डम्पसाठी डिस्क आधीच तयार करून ठेवलेली हवी. बिघाड झाल्यावर ती शोधायला वेळ नसतो. के-डम्प ही लिनक्सची स्वतःची सोय लावलेली असेल तर हे काम आपोआप होतं. यंत्र अजून जिवंत असेल तर डीबीजी-इन्फो नावाची एक स्क्रिप्ट मिळते. ती चालवली की कर्नल, उपकरणं, नेटवर्क, लॉग अशी सगळी माहिती एका गठ्ठ्यात बांधून मिळते. माझं ठाम मत आहे की डम्पला किती वेळ लागतो हे शांततेच्या दिवशी एकदा मोजून ठेवावं आणि तो वेळ वरिष्ठांकडून आधीच मंजूर करून घ्यावा. आग लागलेली असताना तो वाद जिंकता येत नाही.

मग हे सगळं क्लाऊडवर का नेत नाहीत?

काही कंपन्या नेतात, आणि काही कामांसाठी ते योग्यही आहे. पण ज्यांचा मूळ डेटाबेस मेनफ्रेमवर आहे, त्यांना त्याच्याशी सतत बोलणारा प्रोग्रॅम त्याच्याच शेजारी हवा असतो. एकाच यंत्रातल्या दोन एलपारांमध्ये हायपरसॉकेट नावाचं नेटवर्क असतं. ते केबलमधून न जाता मेमरीतून मेमरीत जातं. एका व्यवहारात डेटाबेसला शेकडो प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम दूर नेला, तर प्रत्येक प्रश्नाला प्रवासाचा वेळ लागतो आणि त्यांची बेरीज ग्राहकाला जाणवते. शिवाय क्लाऊडवरही कुणाचं तरी सामायिक घर असतंच. स्टील टाइम तिथेही वाढतो, फक्त कारभाऱ्याच्या खोलीत डोकवायला तुम्हाला परवानगी नसते.

एआय सांगेल की!

लॉगच्या हजार ओळींतून कामाच्या दहा ओळी काढायला त्याचा उपयोग होतो, मीही करून घेतो. पण लिनक्सबद्दल लिहिलेला बहुतेक मजकूर लॅपटॉपच्या प्रोसेसरांबद्दलचा आहे. बूट होत नाही असं विचारलं की बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) तपासायला सांगितलं जातं, आणि मेनफ्रेमवर तर बूटला आयपीएल म्हणतात आणि त्याची तयारी झिपल करतो. शिवाय गेस्टच्या आतले आकडे दिले तर उत्तरही गेस्टच्या आतलंच मिळणार. झेड-व्हीएमचे आकडे, स्टोरेजचे आकडे, कुणाचा शेअर किती हे मागून आणायचं असतं, आणि कोणत्या टीमकडे काय मागायचं हे माणसाला ठाऊक असावं लागतं.

पोरांनी हे शिकावं का, आणि शिकणार कुठे?

ज्यांना लिनक्स येतो आणि मेनफ्रेमही कळतो अशी माणसं थोडी आहेत. जुने लोक निवृत्त होतायत. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जुनी कोबोल भाषा जाणणाऱ्यांना मदतीसाठी जाहीर साद घातली होती, कारण बेकार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि मेनफ्रेमवरच्या सिस्टिम त्याखाली दबल्या. लिनक्सची बाजू त्या मानाने सोपी, कारण निम्मं ज्ञान कॉलेजातच मिळालेलं असतं.

खरा मेनफ्रेम घरी आणता येत नाही, पण त्याची गरजही नाही. हर्क्युलिस नावाचा एक मोफत प्रोग्रॅम १९९९पासून आहे. तो साध्या संगणकावर मेनफ्रेमच्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करतो. क्यूईएमयू हा दुसरा. डेबियन या लिनक्स वितरणाची एस-३९०-एक्स आवृत्ती फुकट उतरवता येते आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये चालते, जरा सावकाश का होईना. आयबीएमकडून लिनक्सवनवरचा एक गेस्टही ठरावीक मुदतीसाठी मोफत मिळतो. झेड-व्हीएम मात्र परवान्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे कारभाऱ्याची बाजू नोकरीतच शिकावी लागते.

सुरुवात अशी करा. क्यूईएमयूमध्ये डेबियन उभं करा आणि त्याला दुसरी डिस्क द्या. उपकरणांची यादी मागवा आणि त्या डिस्कचा चार अंकी क्रमांक कागदावर लिहून घ्या. तिच्यावर फाइल सिस्टिम बनवा, चार फायली ठेवा, आणि मग ती माउंट असतानाच सरळ ऑफलाइन करून टाका. कर्नल लॉगमध्ये काय म्हणतो, प्रोग्रॅमला कोणती एरर मिळते, आणि डिस्क परत ऑनलाइन आल्यावर फायली लगेच दिसतात की पुन्हा माउंट करावं लागतं, हे एकेक करून लिहून काढा.